चाकांवरचे घर आणि साठीतले दाम्पत्य : भूमध्यसागरी प्रवासापूर्वीची वैद्यकीय तपासणी

मुंबई-दिल्ली महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ८, आताचा ४८) कामरेजपाशी तापी ओलांडतो. त्यामुळे येथील वैद्यक व्यावसायिकास रस्त्याची ओळख बहुधा अपघाताच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात रस्त्याचा विचार निराळ्या अंगाने, म्हणजे निघण्यापूर्वी सल्ला मागणाऱ्या प्रवाशाच्या अंगाने, करावयाचा आहे.

मुले परदेशी स्थिरावलेली, हाताशी निवृत्तीचा निवांतपणा, आणि मनात युरोप ‘आपल्या गतीने’ पाहण्याची इच्छा, असे ज्येष्ठ दाम्पत्य आज दुर्मीळ राहिलेले नाही. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या मीना प्रभु (निधन २०२५) यांच्या ‘ग्रीकांजली’, ‘तुर्कनामा’, ‘रोमराज्य’, ‘इजिप्तायन’ या ग्रंथांमुळे भूमध्यसागराभोवतीचे देश मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले आहेतच. पर्यटनसंस्थेच्या बसमधून पळत पळत हे देश पाहण्याऐवजी शयनव स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यावी आणि स्पेनपासून फ्रान्स, इटली करीत ग्रीसपर्यंत किनाऱ्याने जावे, ही कल्पना मोहक आहे यात शंका नाही. मात्र असे दाम्पत्य जेव्हा ‘फिटनेस सर्टिफिकेट’साठी आपल्यापुढे बसते, तेव्हा रक्तदाब मोजून सही करणे म्हणजे तपासणी नव्हे.

विवेचनासाठी एक दाम्पत्य कल्पू या. पती ६६ वर्षांचे; बारा वर्षांचा मधुमेह, सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, रात्री इन्सुलिन, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर. पत्नी ६२ वर्षांच्या. गुडघेदुखी, किंचित स्थूलता. गाडी पती चालविणार. पत्नींकडे परवाना आहे, पण तो दुचाकीचा.

माझ्या मते या प्रवासाचा सर्वांत नाजूक सांधा हाच आहे. दोघांचे घर, वाहन आणि रुग्णवाहिका एकाच माणसाच्या हाती, आणि त्या माणसाच्या रक्तातील साखर कोणत्याही दुपारी ५५ वर येऊ शकते. सल्फोनिलयुरिया आणि इन्सुलिन दोन्ही घेणाऱ्यास हायपोग्लायसेमिया होणे ही अनपेक्षित घटना नव्हे. जेवण लांबले की ती ठरलेलीच. शिवाय बीटा-ब्लॉकरमुळे थरथर व धडधड या पूर्वसूचना दबतात. घाम तेवढा उरतो, आणि भूमध्यसागरी उन्हात घामाकडे कोण लक्ष देणार? ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठीचे नियम आपण जसेच्या तसे घ्यावेत. वाहन सुरू करण्यापूर्वीच्या दोन तासांत व पुढे दर दोन तासांनी साखर तपासावी, ९० मि.ग्रॅ.च्या खाली असल्यास आधी खावे. हायपो झाल्यास वाहन थांबवून, किल्ली काढून, चालकाच्या आसनावरून उठावे व साखर पूर्ववत झाल्यानंतरही पाऊण तास वाहन चालवू नये. शेवटच्या अटीचे कारण असे की आकडा सुधारला तरी मेंदूची निर्णयक्षमता सुधारण्यास अधिक वेळ लागतो. शक्य असल्यास निघण्यापूर्वी दोन-तीन महिने आधी सल्फोनिलयुरिया बदलावे. विमानतळावर जाण्याच्या आदल्या आठवड्यात नवे औषध सुरू करणे मात्र टाळावे.

आणि पत्नींनी चारचाकीचा परवाना काढावा. हा सल्ला वैद्यकीय आहे असेच मी मानतो. आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये आपल्या आर.टी.ओ.कडून एक वर्षासाठी मिळतो, परंतु मूळ परवान्यात जो वाहनप्रकार आहे तोच त्यात येतो. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि व्हॅन आपल्या मोटारीहून उंच व रुंद असते, तेव्हा सराव दोघांनाही लागेल.

इन्सुलिनच्या साठवणुकीबद्दल रुग्ण विचारतात, म्हणून थोडक्यात. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी. वापरातील कुपी सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद उभे केलेले वाहन तासाभरात पन्नाशी ओलांडू शकते. व्हॅनच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली कुपी गोठून निकामी होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता ज्या धोक्याची चर्चा सर्वांत कमी होते, त्याकडे वळू. कार्बन मोनॉक्साइड. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे होणारे मृत्यू आपणांस अपरिचित नाहीत. व्हॅन हे त्या न्हाणीघराचेच मोठे भावंड होय. एप्रिल-मेमध्येही किनाऱ्यावरील रात्री गार असतात. काचा बंद करून, ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी तेवत ठेवण्याचा मोह होतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही लक्षणे प्रवासाचा शीण वा शिळे अन्न यांच्या खात्यावर सहज जमा होतात. ओळखीची खूण एकच : दोघांनाही एकाच वेळी त्रास होणे, आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे. येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. २०२० च्या करोनाकाळापासून घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर या विषबाधेत ९८ दाखवून फसवतो, कारण नेहमीच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनयुक्त आणि मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन यांतील भेद कळत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास, शुद्ध ऑक्सिजनवर एक-दीड तास लागतो. म्हणून झोपण्याच्या जागेजवळ बॅटरीवर चालणारा सूचक असल्याशिवाय व्हॅन ताब्यात घेऊ नये, आणि शेगडीचा उपयोग स्वयंपाकापुरताच करावा, तोही खिडकी उघडी ठेवून.

पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा संबंध आपण विमानाशी जोडतो. पण दोष विमानाचा नाही, बसण्याचा आहे. १९४० मध्ये लंडनच्या हवाई हल्ल्यांच्या काळात आश्रयस्थानांत रात्र रात्र खुर्चीवर बसलेल्या नागरिकांतील फुप्फुसी एम्बोलिझमचे मृत्यू कीथ सिम्पसन यांनी नोंदविले होते. चार तासांहून अधिक सलग प्रवासाने, मग तो मोटारीचा असो वा आगगाडीचा, धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोका अल्प असल्याने घाबरण्याचे कारण नाही. आपल्या कल्पित दाम्पत्यात मात्र त्याचा अधिक विचार पत्नींसाठी करावा : बाजूच्या आसनावर त्याच दीर्घकाळ निश्चल बसणार, आणि स्वच्छतागृह सापडेल की नाही या संकोचापायी पाणीही त्याच कमी पिणार. ही गोष्ट त्या पतीसमोर सांगत नाहीत. दोघांना वेगवेगळे भेटावे, असा आग्रह मी धरतो तो यासाठी.

ऋतूविषयी : जुलै-ऑगस्ट टाळावेत. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात सत्तर हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले, त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. सुरतच्या उन्हाची सवय आहे, हे उत्तर पुरेसे नाही. सुरतेत आपण दुपारी पत्र्याच्या खोक्यात बसत नाही. मूत्रल औषधे वा एसजीएलटी-२ गटातील गोळ्या घेणाऱ्यांना जुलाब-उलट्यांत त्या केव्हा थांबवाव्यात, हे लिहून द्यावे. औषधांची यादी मूळ नावांनी द्यावी. आपली संयुक्त गोळ्यांची व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्यास कळणार नाहीत. शेंगेन प्रवेशपत्रास किमान तीस हजार युरोंचा विमा लागतोच, पण त्यात पूर्वीचे आजार धरले आहेत का, हे वाचून घ्यावे. तातडीचा क्रमांक तेथेही ११२ च आहे.

निघण्यापूर्वी घरच्या मुलखात रंगीत तालीम व्हावी. कामरेजहून तलासरीमार्गे डहाणू, पुढे कोकणकिनारा. किंवा सापुताऱ्याचा घाट. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारलेले असल्याने हा प्रकार आपल्याकडेही नवखा राहिलेला नाही. तीन रात्री पुरेत. वाहनात साखर किती वेळा तपासली गेली, रात्री लघवीसाठी उठताना पायरीवर तोल गेला का, दोघांची झोप झाली का, हे त्या तीन रात्रींतून जेवढे कळते तेवढे आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालांतून कळत नाही.

परतल्यानंतर ताप आला तर दोन आजार ध्यानी असावेत. पहिला ब्रुसेलोसिस, म्हणजे जुना ‘माल्टा ताप’. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये वेगळा केला आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे झॅमिट यांच्या १९०५ मधील कामातून उघड झाले. खेड्यातील कच्च्या दुधाचे चीज खाल्ल्यानंतर आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनी, चढउताराचा ताप, घाम व कंबरदुखी सुरू होते. विचारल्याखेरीज रुग्ण चीजचा उल्लेख करीत नाही. दुसरा गोचिडीचा भूमध्यसागरी ठिपक्यांचा ताप. त्याचा जंतू रिकेट्सिया कोनोरी आपल्याकडील ‘इंडियन टिक टायफस’शी निगडित आहे, तेव्हा तो केवळ परदेशी आजार समजू नये. काखेत, जांघेत, केसांच्या कडेला काळी खपली शोधावी, आणि ती सापडल्यास अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करावे.