आडवाटेची गाडी आणि वावड्यांची पारख

विद्यार्थिमित्रहो, २०२२ च्या पावसाळ्यांतील एक प्रसंग सांगून आम्ही या पाठास आरंभ करितों. डोंगरावरील एका वाडींत आमच्या एका विद्यार्थ्याचा पाय मोडला. त्यास दवाखान्यांत नेण्याकरितां आम्ही एक लांब व ऐसपैस गाडी भाड्यानें घेऊन गेलों. वाडीच्या अलीकडे वाटेवर एक मोठा उंचवटा आहे. पुढचीं चाकें तो ओलांडून गेलीं, मागचीं अलीकडेच राहिलीं, आणि गाडीचें पोट मध्यें टेकलें. गाडी पुढें जाईना व मागेंही येईना. इतक्यांत दूध गोळा करणाऱ्या एका गृहस्थांची जुनी आंखूड जीप दुसऱ्या बाजूनें आली. तिनें मुलास आणलें व तो उंचवटा सहज पार केला. परंतु तिच्यांत त्यास आडवें निजवावयास जागा नव्हती. मोडलेला पाय आमच्या मांडीवर ठेवून, प्रत्येक धक्क्यास कळवळत, तो दवाखान्यापर्यंत आला.

ज्या गाडींत निजतां येत होतें ती पोंचत नव्हती. जी पोंचली तिच्यांत निजतां येत नव्हतें. आमचा आजचा सर्व पाठ या एका वाक्यांत आहे.

असें कां व्हावें? एका कागदावर दोन चाकांचीं वर्तुळें काढा. त्यांच्यामध्यें जमिनीपासून थोड्या उंचीवर गाडीच्या पोटाची आडवी रेघ ओढा. आतां त्या रेघेच्या मध्यबिंदूपासून दोन्ही चाकांच्या खालच्या बाजूंस स्पर्श करणाऱ्या दोन तिरप्या रेघा काढा. मध्यें कौलारू छपरासारखी जी आकृति होते, तेवढाच उभा उंचवटा त्या गाडीस ओलांडतां येतो. पोटाची उंची तीच ठेवून चाकें एकमेकांपासून दूर न्या, कीं तें छप्पर सपाट होऊं लागतें. दोन्ही उतारांच्या कोनांची बेरीज करून कारखानदार हें सामर्थ्य अंशांत सांगतात.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. नाशिक येथें तयार होणारी महिंद्रा कंपनीची तीन दारांची थार २०२० सालीं नव्या रूपांत आली. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर २४५० मिलिमीटर असून वरील कोन २७ अंश आहे. २०२४ सालीं तिची पांच दारांची भावंड निघाली. तिच्यांत हें अंतर २८५० मिलिमीटर झालें, आणि कोन २३.९ अंशांवर आला. सुझुकीच्या जिम्नी गाडीचेंही तसेंच : आंखूड गाडीचें अंतर २२५० व कोन २८ अंश, लांब गाडीचें अंतर २५९० व कोन २४ अंश. मागें बसणाऱ्यांचे गुडघे मोकळे झाले, पण त्याचें मोल उंचवट्यावर द्यावें लागलें. यांत कोणाची लबाडी नाहीं. हा भूमितीचा हिशेब आहे.

आंसाचीही अशीच देवघेव आहे. दोन्ही चाकांस जोडणारा आंस अखंड असला, तर एक चाक दगडावर चढतांच दुसरें खालीं दाबलें जातें व जमीन धरून राहतें. शिवाय तो बळकटही असतो. परंतु एका चाकाचा हिसका दुसऱ्यास लागतो व सपाट रस्त्यावर वेगानें जातांना गाडी डुलते. चाकें निरनिराळीं झुलतीं ठेविलीं, तर प्रवास सुखाचा होतो. मात्र खडकाळ वाटेवर अखंड आंसाची पकड कांहीं अंशीं गमवावी लागते. जिम्नीनें पुढें व मागें अखंड आंस राखिला. थारनें तो मागें राखून पुढचीं चाकें मोकळीं केलीं. दोघींनींही कांहीं देऊनच कांहीं घेतलें आहे.

मूळ जीपचा जन्मही अशाच ओढाताणींत झाला. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्यानें जी लहान गाडी मागितली, तिचें वजन १३०० पौंडांहून अधिक नसावें अशी अट होती. इतक्या हलक्या गाडींत हवें तें बळ बसेना. अखेर सैन्यासच मर्यादा वाढवून २१६० पौंड करावी लागली. विलिस कंपनीचें एंजिन ६० अश्वशक्तीचें, सर्वांत जोरदार, पण जड होतें. तें टिकविण्यासाठीं तिनें बाकीच्या गाडींतून वजन छाटलें. सेनापतीची आज्ञाही भूमितीस व वजनास वांकवूं शकली नाहीं.

आतां वावड्यांकडे वळूं. नवी गाडी निघण्यापूर्वीं ती चट्टेपट्टे असलेल्या आवरणाखालीं रस्त्यावर पारखली जाते. कोणी तिचें छायाचित्र घेतो, आणि बातमीस पाय फुटतात. अशा बातमीचे तीन भाग करावे. डोळ्यांस दिसतें तें पहिलें : गाडी लांब आहे, दारें पांच आहेत. त्यावरून गणितानें काढतां येतें तें दुसरें : लांबी वाढली, तेव्हां कोन घटणार. मालकाच्या मनांतच असतें तें तिसरें : नांव, किंमत, दिवस. पांच दारांच्या थारचें नांव ‘आर्माडा’ असेल असें पुष्कळांनीं छातीठोकपणें सांगितलें. जुलै २०२४ मध्यें नांव निघालें ‘रॉक्स’! दारांची बातमी मात्र खरी ठरली, कारण दारें दिसत होतीं.

खोट्या वावडीनें नुकसान होतें हें सर्वांस ठाऊक आहे. खऱ्या वावडीनेंही तें होतें, हें आम्हांस त्याच वाडीनें शिकविलें. त्या प्रसंगानंतर वाडीकरांनीं जुन्या जीपकरितां वर्गणी जमविली. तोंच एकानें सांगितलें, “थांबा, जीपसारखी चढणारी व मोटारीसारखी ऐसपैस अशी नवी गाडी येत आहे.” लोक थांबले. २०२३ व २०२४ चे पावसाळे आजाऱ्यांना झोळींतून उतरविण्यांत गेले. गाडी खरोखरच आली. परंतु तिची किंमत १२.९९ लाख रुपयांपासून पुढें होती, आणि वर्गणी तिच्या पासंगासही पुरेना. उंचवटा तर होता तेथेंच होता.

मग वाडीकरांनीं जुनी आंखूड जीप घेतली. गांवच्या सुतारानें चालकाशेजारचें आसन व मागचें एक बांक काढून तेथें लांब फळी बसविली. चार माणसांची जागा गेली. एका आजाऱ्याची झाली. काय द्यावयाचें व काय घ्यावयाचें, हें त्यांनीं स्वतः ठरविलें.

पालकहो व विद्यार्थ्यांनो, कोणी सर्वगुणसंपन्न वस्तूची वार्ता सांगूं लागला, तर त्यास वेड्यांत काढूं नका आणि त्याच्या मागेंही धांवूं नका. एवढेंच विचारा : “याबद्दल काय दिलें?” उत्तर मिळालें, तर बातमी तोलून पाहा. न मिळालें, तर आपल्या वाटेवरचा उंचवटा मोजा आणि हातचें काम पुढें चालवा.