धमनी आणि मज्जातंतू जोडीने का धावतात?

प्रश्न : मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. विच्छेदन करताना जनावराच्या पायात धमनी, नीला आणि मज्जातंतू एकत्रच सापडतात. गर्भात ही जोडी कशी जमते?

उत्तर : सगळीकडे एकच वाटाड्या नसतो. त्वचेत मज्जातंतू पुढे असतो. योसुके मुकोयामा, डेव्हिड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली उंदराच्या गर्भाच्या पायात हे दाखवलं. तिथे आधी केशवाहिन्यांचं साधं जाळं असतं. संवेदी मज्जातंतू व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात आणि त्यांच्या लगतच्या वाहिन्या धमनीचं रूप घेतात. सर्वांत बोलका पुरावा मला हा वाटतो : सेमाफोरिन-३ए हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मज्जातंतूंच्या वाटा विस्कटल्या, तेव्हा धमन्याही त्याच विस्कटलेल्या वाटांनी गेल्या! पुढे २०१३ साली कळलं, की वाहिन्यांना मज्जातंतूजवळ आणण्याचं काम सीएक्ससीएल-१२ हा वेगळा संकेत करतो.

मानेत मात्र उलटं दिसतं. अनुकंपी मज्जातंतू धमनीच्या आधाराने वाढतात, कारण वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी आर्टेमिनसारखे वाढीचे घटक सोडतात. उंदराच्या मिशीच्या मुळाशी तर दोघांची कडी स्वतंत्रपणे घडतात.

ही माहिती मुख्यतः उंदरांवरची आहे, म्हणून गाई-म्हशींबाबत तपशील जसाच्या तसा गृहीत धरू नका. शेजार मात्र तुम्ही स्वतः पाहिलाच आहे. त्यामुळे पायाचा मज्जातंतू बधिर करताना औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढा, रक्त येत नाही ना ते पाहा.