'करंट' लावला म्हणजे काम झाले का?

दवाखान्यात हल्ली एक प्रश्न दिवसातून एकदा तरी येतो. "डॉक्टर, करंटचे मशीन घरीच घेऊन टाकू का?" विचारणारा कधी पेणच्या गणपती कारखान्यात दिवसभर मांडी घालून बसणारा रंगारी असतो, कधी धाटावच्या कंपनीतून पाळी संपवून आलेला कामगार, तर कधी लावणी उरकून कंबर धरून बसलेल्या आजी. शेजारच्या कुणाला तरी चार दिवसांत गुण आलेला असतो. मुंबईच्या भाच्याने मशीनची किंमत फोनवर कळवलेली असते. माझ्याकडून फक्त "घ्या" एवढेच ऐकायचे असते. उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचा लेख.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे फिजिओथेरपीच्या खोलीत जे जे काही मिळते त्याला सरसकट 'शेक' म्हणतात. डायथर्मी आणि गरम मेण हे खरोखरच शेक आहेत, त्यांतून उष्णता मिळते. 'अल्ट्रासाऊंड'मध्ये ध्वनिलहरी वापरतात. आज आपण बोलणार आहोत ते यांपैकी नव्हे. त्वचेवर रबराचे किंवा चिकट पॅड लावून जी मुंग्या आल्यासारखी टिकटिक सोडतात, किंवा ज्याने स्नायू आपोआप उडतो, त्या उपचाराविषयी, म्हणजे विजेच्या उत्तेजनाविषयी आज बोलायचे आहे.

विजेचा आणि शरीराचा संबंध काय, असे काहींना वाटेल. आपले मज्जातंतू निरोप पोचवतात तेच मुळी विजेच्या बारीक स्पंदनांनी. इटलीतील गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावर केलेले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हे जगाला प्रथम नीट कळले. पण वैद्य मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून विजेच्या मागे होती. पहिल्या शतकातील स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य, झटका देणारा जिवंत मासा रुग्णाच्या दुखऱ्या पायाखाली ठेवायला सांगे. मासा गेला आणि मशीन आले, एवढाच काय तो फरक, असे मी कधी कधी थट्टेने म्हणतो. तेव्हाही दुखणे थोडा वेळ थांबत असे आणि आजही बहुतेकदा थोडाच वेळ थांबते.

मशीनची कामे दोन. एक दुखणे दाबण्याचे, दुसरे स्नायू हलवण्याचे. लोक या दोहोंची गल्लत करतात आणि तिथेच पैसा आणि वेळ वाया जातो.

दुखण्यासाठी जे छोटे, बॅटरीवर चालणारे मशीन मिळते त्याला 'टेन्स' म्हणतात. पोर पडले की आई आधी तिथे चोळते. चोळल्याने जखम बरी होत नाही, पण रडे थांबते. असे का होते, याचे उत्तर मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे निरोप जाड, जलद तंतूंतून येतात आणि दुखण्याचे बारीक, सावकाश तंतूंतून. स्पर्शाची गाडी सतत चालू ठेवली की दुखण्याच्या गाडीला फाटक बंद मिळते. टेन्स नेमके हेच करते. सेकंदाला ८० ते १०० स्पंदने, आणि प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी याची तुलनाच नको. फिजिओथेरपीच्या खोलीत असते ते मोठे 'आयएफटी' मशीन. त्यात सेकंदाला सुमारे ४,००० आवर्तनांचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतात. हेतू असा की त्वचेला न टोचता प्रवाह खोल जावा.

मग कंबरदुखीला हे लावावे का? ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने २०१६ साली सर्व पुरावे तपासून कंबरदुखीला टेन्स किंवा आयएफटी देऊ नये असे सांगितले. गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नये, असा अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे. वाचक म्हणतील, मग आम्हाला बरे वाटते ते खोटे का? खोटे मुळीच नाही. मशीन चालू असेपर्यंत, आणि काहींना नंतर तास-दोन तास, आराम पडतो. माझे मत असे की त्या आरामाचा उपयोग व्यायाम करून घेण्यासाठी होत असेल तर मशीन जरूर लावावे. अर्धा तास पॅड लावून पडून राहायचे आणि उठून पुन्हा त्याच वाकड्या बैठकीत आठ तास बसायचे असेल, तर तेवढ्या पैशांत बसायला बरे स्टूल आणि कामाला उंच पाट करून घ्यावा. रंगारी मंडळींना मी हेच सांगतो. ऐकतात थोडे. हंगामात कुणाला वेळ आहे?

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दुखणे दाबण्याआधी ते कशाचे आहे हे कळले पाहिजे. डावा खांदा भरून आला, घाम सुटला, जीव घाबरा झाला तर पॅड शोधू नका, ताबडतोब कार्डिओग्राम काढा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तिथे एका दिवसाचा उशीरही आयुष्यभर भोवू शकतो.

आता दुसरे काम, स्नायू हलवण्याचे. इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

बरीच वर्षे झाली. रोह्याच्या बाजूचा एक शेतकरी आला. चाळिशीचा, काटक माणूस. उजवे पाऊल वर उचलत नव्हते. चालताना पाऊल फटकन जमिनीवर आपटे, म्हणून गुडघा उंच उचलून चाले. भाताची कापणी नुकतीच झाली होती. दिवसच्या दिवस उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली जाते आणि पाऊल लुळे पडते, हे मला ठाऊक होते. असे रुग्ण मी पाहिले होते आणि ते दोन-तीन महिन्यांत बरेही झाले होते. मी तेच निदान करून मोकळा झालो. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि करंट घ्यायला पाठवले. बिचारा एसटीने दिवसाआड जाऊन दोन महिने करंट घेत राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याची बायको सोबत आली आणि म्हणाली, "डॉक्टर, यांच्या पायातली चप्पल कुठे निसटते ते यांना कळतच नाही." मी चमकलो. त्याला सदरा काढायला लावला. पाठीवर फिकट चट्टा होता. कापसाचा बोळा फिरवला, कळला नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या गाठीखाली बोट फिरवले, तर नस दोरीसारखी जाड लागली. कुष्ठरोग होता. पहिल्याच दिवशी सदरा काढायला सांगितला असता तर दोन मिनिटांत कळले असते.

कुष्ठरोगात नस नव्याने दुबळी झाली असेल, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या आत, तर प्रेडनिसोलोन देऊन पुष्कळदा ती वाचवता येते. मूळ रोगावरील गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने. त्याचा रोग बरा झाला. पाऊल मात्र पूर्ण सावरले नाही. मी घालवलेल्या त्या दोन महिन्यांनी किती फरक पडला असता हे सांगता येत नाही, पण पडला असता एवढे मला माहीत आहे. देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. त्याचा अर्थ रोग संपला असा नाही. तेव्हापासून लुळे पाऊल, लुळा हात किंवा चेहऱ्याचा लकवा घेऊन कुणीही आले की मी आधी अंगावरचे चट्टे पाहतो, नसा चाचपतो, साखर तपासतो आणि मगच करंटचे बोलतो.

नस दुखावल्यावर करंटने होते तरी काय? नस फक्त दाबली गेली असेल तर ती बहुधा आपोआप सुधारते, करंट लावा वा न लावा. नस आतून तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर वाढते. करंटने तिचा वेग वाढवता येतो असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा या बाहेरून लावायच्या पॅडांसाठी नाही. नस तुटलेल्या स्नायूवर टेन्सच्या बारीक स्पंदनांचा परिणामच होत नाही. त्याला लांब स्पंदनांचे वेगळे मशीन लागते आणि ते जाणकारानेच लावायचे असते. या काळात त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे सांधे आखडू न देणे आणि पाऊल वर धरून ठेवणारा पट्टा वापरणे. असा पट्टा मापाने करून घ्यायचा तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून ती हेच काम करते. पोलिओच्या दिवसांत आपल्या भागातील कितीतरी मुलांचे आईबाप अशा पट्ट्यांसाठी मुंबईच्या खेपा घालत. भारत २०१४ साली पोलिओमुक्त ठरला, पण त्या पिढीतील माणसे आजही आपल्यात आहेत.

चेहऱ्याचा लकवा म्हणजे 'वारा लागून' तोंड वाकडे होणे, हे तर करंटवाल्यांचे हमखास गिऱ्हाईक. हा आजार शंभरातील सत्तरेक जणांत काही न करताही पूर्ण बरा होतो, त्यामुळे करंट देणाऱ्याला यश आयतेच मिळते. खरा उपयोग होतो तो पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा आणि न मिटणाऱ्या डोळ्याला जपण्याचा. दिवसा थेंब, रात्री मलम लावून डोळ्यावर पट्टी. लोक दहा दिवस करंट घेऊन अकराव्या दिवशी लाल डोळा घेऊन येतात, तेव्हा वाईट वाटते. आणि तोंडाबरोबर हातपायही लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका समजा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते घड्याळ पहिले लक्षण दिसल्यापासून चालू होते.

अर्धांगवायूनंतरच्या पुनर्वसनात मात्र विजेला खरे स्थान आहे, आणि हे मी आनंदाने लिहितो. इथे स्नायूची नस शाबूत असते, मेंदूकडून येणारा हुकूम बिघडलेला असतो. चालताना नेमक्या क्षणी पाऊल उचलणारे स्पंदन देणारी मशीन्स आहेत. १९६१ साली अमेरिकेत लिबर्सन यांनी ती कल्पना प्रथम मांडली. टाच उचलली की बुटातील बटण सुटते आणि पाऊल वर येते. 'नाईस'नेही २००९ साली या कामासाठी त्याला मान्यता दिली. आपल्याकडे ही महाग यंत्रे क्वचितच मिळतात, पण साध्या स्टिम्युलेटरवर मनगट व पाऊल उचलण्याचा सराव नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट करवून घेऊ शकतात. अट एकच. मशीन चालू असताना रुग्णाने स्वतःही मन लावून ती हालचाल करण्याचा प्रयत्न केला पाहिजे. मशीन हात हलवते आहे आणि रुग्ण टीव्ही पाहतो आहे, असे असेल तर मशीन बंद केले तरी चालेल.

घरी मशीन वापरणाऱ्यांसाठी काही सूचना. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर आरपार पॅड लावू नयेत. गरोदरपणी पोटावर व कमरेवर नको. कॅन्सरच्या गाठीवर, उघड्या जखमेवर, अचानक सुजलेल्या दुखऱ्या पोटरीवर नको, कारण अशा पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते. मिरगी असेल तर मानेवर आणि डोक्याजवळ नको. मशीन लावून झोपू नका, गाडी चालवू नका. आणि मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पायाला मुळीच लावू नका. "काहीच लागत नाही" म्हणून असा माणूस बटण पूर्ण फिरवतो आणि त्वचा भाजते. वाळलेले, कडेने सुटलेले पॅडसुद्धा भाजतात, ते वेळीच बदलावेत.

गेल्या महिन्यात रोह्याच्या एका वाचकाने विचारले होते की वडिलांना पेसमेकर बसवला आहे, गुडघ्यासाठी मुलीने टेन्स पाठवले आहे, लावू का? उत्तर 'नको' असे आहे. पेसमेकर हाही विजेच्या स्पंदनांवर चालणाराच उपचार आहे. बाहेरच्या स्पंदनांना तो हृदयाचे ठोके समजू शकतो आणि आपले काम थांबवू शकतो. ज्या हृदयरोगतज्ज्ञांनी तो बसवला त्यांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय मशीन खोक्यातून बाहेर काढू नये. पेसमेकरचे कार्ड वडिलांच्या खिशात कायम असू द्या, आणि फिजिओथेरपीला गेलात तर आधी ते दाखवा.