जुन्या फियाटला कार्ब्युरेटर कोणता बसवावा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निघाली, तेव्हा या गाडीचा धंदाही संपला असे पुष्कळांना वाटले. परंतु घरगुती फियाट आणि पद्मिनी जपणारे हौशी लोक अजून आहेत आणि चांगल्या कामाचे पैसे ते मोजतात. हे काम करणाऱ्या गॅरेजांत आपल्या समाजातील कारागीर पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाशी त्यांचा वाद होतो तो बहुधा कार्ब्युरेटरवरून. गाडी गचके खाते, पेट्रोल जास्त पिते, म्हणून जुना काढून 'मोठा' बसवला जातो. पैसे जातात, तक्रार मात्र राहते.

मोठा म्हणजे चांगला, हा समज आधी काढून टाकला पाहिजे. हिशेब साधा आहे. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकदा भरतात. म्हणजे मिनिटाला ४८०० फेऱ्या झाल्या तर इंजिन २४०० वेळा भरते. कागदावर ही हवा सुमारे २६०० लिटर होते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८० टक्के धरले तर मिनिटाला २१०० लिटरच्या आतबाहेर. या इंजिनाची भूक एवढीच.

आता कार्ब्युरेटरचा आवळलेला गळा, ज्याला व्हेंचुरी म्हणतात, तो पाहा. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. समजा गळा २३ मिलिमीटरचा आहे. १५०० फेऱ्यांवर त्यातून हवा सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगाने जाते. ३० मिलिमीटरचा बसवला तर हाच वेग १५ मीटरवर येतो. ओढ ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती जवळजवळ एक तृतीयांश उरते. सिग्नलवरून सुटताना गाडी अडखळते ती यामुळे. मग मेकॅनिक मोठा जेट टाकतो, आणि वेग घेतल्यावर मागून काळा धूर निघतो. शहरातली गाडी बहुतेक वेळ कमी फेऱ्यांतच चालते, हे विसरू नये.

मारुती ८०० चा कार्ब्युरेटर पट्टी लावून बसवण्याची पद्धत गॅरेजवाल्यांना माहीत आहे. ते इंजिन ७९६ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. जेट बदलून, पट्टी सपाट करून, एक्सिलरेटरची जोडणी नीट जुळवली तर गाडी चालते. मात्र नुसते बोल्ट आवळून गाडी हवाली करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा गिऱ्हाइकाच्या अंगात घालणे होय.

माझ्या मते पहिली पसंती मूळ सोलेक्सलाच द्यावी. त्याला कायद्याचेही एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. भारतात फियाट ११०० डी १९६४ पासून बनू लागली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या या वयात केव्हाच बसल्या आहेत. मूळ कार्ब्युरेटर जागेवर असला की तपासणीत त्यावरून प्रश्न निघण्याचे कारण उरत नाही.

चोर बाजारात किंवा कुर्ल्यात जुना सोलेक्स घेताना चमक पाहू नये, घासून पॉलिश करायला कितीसा वेळ लागतो? थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो खेळत असेल तर तेथून फालतू हवा शिरते आणि आयडलिंग कधीच बसत नाही; बुश टाकून घ्यावे लागते. खालची बाजू काचेवर ठेवून पाहावी, डुलली तर ती वाकलेली आहे. फ्लोट कानाशी हलवावा, आत पेट्रोल वाजले तर तो फुटका. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तार घालून साफ केलेल्या जेटचा आकडा खोटा ठरतो. १२० चे १२५ झाले तर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते.

मालातला ऐब दाखवून विकावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. बुश टाकलेला कार्ब्युरेटर 'नवा' म्हणून देऊ नये. पावतीवर 'जुना, दुरुस्त केलेला' असे लिहावे आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, तो त्याचाच माल आहे.

शेवटी पेट्रोलविषयी. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला हे पेट्रोल सुमारे आठ टक्के जास्त द्यावे लागते. वर सांगितलेला १२० ते १२५ चा फरक जवळजवळ एवढाच आहे. जेट बदलायचा तो या हिशेबाने, आणि प्लगचा रंग पाहून. जुन्या रबरी नळ्या व डायफ्राम हे पेट्रोल सोसत नाहीत. ते फुगतात, चिरतात, आणि खाली तापलेले इंजिन असते. गाडी हवाली करण्याआधी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि त्यांचा खर्च बिलात वेगळा दाखवावा.