जयबाची गोष्ट आणि तुझा प्रश्न

जयगड, रत्नागिरी

चि. सोनू हिस,


तत्त्वज्ञानाच्या सादरीकरणासाठी तू जयबाची गोष्ट निवडलीस, हे वाचून फार बरं वाटलं. मे महिन्यात किल्ल्यावर ती सांगितली तेव्हा तू नुसती समुद्राकडे बघत होतीस. ती तुझ्या मनात घर करून राहिली असेल असं वाटलं नव्हतं. पण सोबत पाठवलेले तीनही प्रश्न मला पटले नाहीत. ते का, हे नीट लिहिते.

‘किल्ला बांधताना जयबाचा बळी खरंच दिला होता का?’ हा घडलं की नाही घडलं एवढाच प्रश्न आहे. उत्तर हो येईल, नाही येईल किंवा सांगता येत नाही असं येईल, आणि तिथे तुझं बोलणं संपेल. ‘अशा दंतकथांवर विश्वास ठेवणं चूक नाही का?’ यात तू निकाल आधीच देऊन टाकलायस. ‘दंतकथा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला विचार करायला उरतं काय? ‘इतिहास म्हणजे काय?’ हा तर खाडीच्या मुखाएवढा रुंद आहे. त्यात होडी घातलीस तर कुठल्या काठाला लागशील, तुलाच कळणार नाही.

तुमच्या बाईंना हवा आहे तो ज्ञानाविषयीचा प्रश्न. काय घडलं यापेक्षा, जे घडलं असं आपण म्हणतो ते आपल्याला कशाच्या जोरावर कळलं, याचा. तो पुस्तकात शोधू नकोस. गोष्ट ऐकताना तुझं पाऊल जिथे अडखळलं, तिथेच तो असतो.

माझं कुठे अडखळलं ते सांगते. शाळेत शिकवत असताना मी दरवर्षी मुलांना किल्ल्यावर न्यायची. विजापूरकरांनी सोळाव्या शतकात तो बांधला, पुढे कान्होजी आंग्र्यांकडे आला, १८१८ साली इंग्रजांनी घेतला, असं सांगत सांगत त्याच दमात जयबाची गोष्टही सांगायची. बांधकाम उभं राहीना, सारखं ढासळे. तेव्हा जयबा नावाचा महार तरुण स्वखुशीने बळी जायला तयार झाला, मग तट टिकला आणि त्याच्या नावावरून गडाला जयगड म्हणू लागले. एका वर्षी जयबाच्या स्मारकापाशी एका मुलाने विचारलं, “बाई, स्वखुशीने गेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, “सगळे सांगतात,” आणि पुढे चालू लागले. मुलगा गप्प झाला. त्याला मी गप्प केलं, हे मला आजही बोचतं.

‘सगळे सांगतात’ हा पुरावा आहे का? आपल्याकडच्या नैयायिकांनी यावर केव्हाच विचार केला होता. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं त्यांनी मानली. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. जे परंपरेने चालत आलं पण पहिल्यांदा कोणी सांगितलं ते माहीत नाही, त्याला त्यांनी ‘ऐतिह्य’ असं नाव दिलं. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. ऐतिह्य हे वेगळं प्रमाण मानायचं का, असा वाद झाला आणि न्यायसूत्रांनी ते शब्दातच घातलं. मला यातली अडचण अशी दिसते की, सांगणारा विश्वासू हवा, आणि इथे तर सांगणाराच हरवलेला! जयबाची गोष्ट अगदी या जागी येऊन थांबते.

मराठीत या वादाच्या दोन टोकांना दोन मोठी माणसं उभी आहेत. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा बखरींवर कडक टीका केली आणि अस्सल कागदाला मान दिला. त्याआधी पंचवीस वर्षं, १८७३ च्या ‘गुलामगिरी’त, जोतीराव फुल्यांनी बळीराजाच्या कथेत आणि लोकांच्या रूढींत हरलेल्यांचा इतिहास वाचला. कारण ज्यांच्या हाती लेखणीच लागू दिली नाही, त्यांचा कागद आणायचा कुठून? दोघांनाही वाच. मला स्वतःला राजवाड्यांची शिस्त हवीशी वाटते, पण जयबासमोर उभं राहिलं की जोतीरावांचंच म्हणणं आधी आठवतं.

तरी घाईने त्यांच्या बाजूला जाऊ नकोस. ग्रीसमधल्या आर्टाच्या पुलाची, अल्बानियातल्या श्कोदरच्या किल्ल्याची कथा अशीच आहे. दिवसा बांधलेलं रात्री ढासळतं आणि शेवटी जिवंत माणूस भिंतीत चिणावा लागतो. इतक्या लांब तीच गोष्ट सांगितली जाते, यामुळे आपल्या गोष्टीचं बळ कमी होतं का? आणि गोष्ट खरी धरली तरी ‘स्वखुशीने’ हा शब्द तिच्यात कोणी घातला? बळी गेलेल्याने, त्याच्या आईने की बांधकाम करवून घेणाऱ्याने?

म्हणून मी असा प्रश्न सुचवते: ‘ज्या घटनेची लेखी नोंद नाही, तिच्याविषयी तोंडोतोंडी चालत आलेलं सांगणं कितपत पुरावा मानावं, आणि ते कोण सांगतं यावर ते अवलंबून असावं का?’ जयबाचं नाव यात मुद्दाम घातलेलं नाही. गोष्ट उदाहरणात येईल, प्रश्न तिच्याबाहेरही चालला पाहिजे. हा प्रश्न कोर्टात नेऊन बघ. ऐकीव साक्ष कोर्ट सहसा मानत नाही, पण १८७२ च्या पुरावा कायद्याने गावाची रूढी किंवा सामाईक हक्क ठरवताना जाणत्या माणसांच्या मताला जागा दिली होती. म्हणजे प्रश्न तिथेही टिकला. दोन्हीकडून बोलता येतं का, तेही तपास. एकाच बाजूने बोलता येत असेल तर शब्द बदल. माझेच शब्द वापरायला हवेत असं नाही, तुझे सापडले तर जास्त आवडतील.

दिवाळीत ये. गोष्ट तू माझ्या तोंडून ऐकलीस, आणि मी कोणाच्या बाजूने सांगते हे आता तुला कळलंच असेल. जयबाला जे आपला मानतात त्यांच्या घरी जाऊ, आसपासच्या बौद्धवाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे. ते ‘स्वखुशीने’ म्हणतात का, ते ऐकू. वही आण, पण पहिल्या दिवशी उघडू नकोस.

तुझी,
आत्या