घटक ४ : माती, पाया आणि रस्ता

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• बांधकामाच्या दृष्टीने मातीचे मुख्य गुणधर्म सांगता येतील.
• काळी माती, मुरूम व जांभा यांची तुलना करता येईल.
• काळ्या मातीवरील बांधकामाचे उपाय स्पष्ट करता येतील.

४.१ प्रास्ताविक

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानले जातात. काळी म्हणजे कसण्याची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. या विभागणीत एक व्यवहारज्ञान दडलेले आहे : जी माती पिकाला उत्तम, ती भिंतीला उत्तम असेलच असे नाही. आज वस्ती वाढून घरे, शाळा व रस्ते काळ्या जमिनीवर येत आहेत. म्हणून हा विचार पुन्हा आवश्यक झाला आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कण आणि पाणी

मातीचे वर्गीकरण कणांच्या आकारावरून करतात. भारतीय मानकानुसार ०.००२ मिलिमीटरहून लहान कण चिकणमातीचे, ०.०७५ पर्यंतचे गाळाचे, ४.७५ पर्यंतचे वाळूचे आणि त्याहून मोठे रेवेचे होत. वाळू व रेव यांतून पाणी निघून जाते; चिकणमाती ते धरून ठेवते. त्यामुळे कोरडी माती किती कठीण आहे, यापेक्षा ती भिजल्यावर काय करते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

४.२.२ काळी माती

दख्खनच्या पठारावरील काळी माती मुख्यतः बेसॉल्ट खडकाच्या विदारणातून तयार झाली. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या सूक्ष्म थरांत पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसून तिला खोल भेगा पडतात. ओल धरण्याचा हा गुण कपाशीला वरदान, पण पायाला शाप ठरतो.

घराच्या बाहेरील भिंतींखालची माती पावसात भिजते, मधली तुलनेने कोरडी राहते. पाया असमान उचलला जातो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. रस्त्याच्याही कडा आधी भिजतात व आधी वाळतात. म्हणून कडेजवळ लांबीच्या दिशेने चिरा पडतात.

रस्त्याखालच्या मातीची भारक्षमता 'सीबीआर' चाचणीने मोजतात. प्रमाणित खडीचे मूल्य १०० धरले, तर चार दिवस पाण्यात ठेवलेल्या काळ्या मातीचे मूल्य अनेकदा २ ते ४ इतकेच भरते. हीच माती वैशाखात दगडासारखी भासते. म्हणून केवळ उन्हाळ्यातील पाहणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

४.२.३ मुरूम आणि जांभा

पठारावर विहीर खणताना अनेक ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. मुरूम म्हणजे अर्धवट विदारण झालेला खडक. त्यात चिकणमाती कमी असल्यास तो पाणी मारून रोलरने चांगला दबतो. भरावासाठी त्याचा सर्रास उपयोग होतो.

कोकण व गोव्यात अतिपावसाच्या उष्ण हवामानात जांभा तयार झाला. त्यात लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मुबलक असतात. ओला असताना तो सहज कापता येतो आणि हवेत वाळून कठीण होतो. म्हणूनच त्याचे चिरे भिंतींना वापरतात. मात्र जांभ्याखाली पुष्कळदा मऊ चिकणमाती असते. तिच्यात पाणी मुरले की रस्त्यालगतचे उतार घसरतात.

४.२.४ उपाययोजना

(१) काळ्या मातीचा थर उथळ असल्यास तो काढून पाया मुरमावर किंवा कातळावर घेतात.
(२) थर खोल असल्यास तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब साधारण साडेतीन मीटर वा अधिक खोल नेतात. तेथे ऋतूनुसार ओलीत फारसा फरक पडत नाही.
(३) रस्त्याखालच्या मातीत साधारण ३ ते ५ टक्के चुना मिसळतात. त्याने फुगवटा घटतो.
(४) रस्ता उंच घेऊन दोन्ही बाजूंनी चर काढतात. पाण्याला वाट दिली नाही, तर इतर उपायही निष्फळ ठरतात.

४.३ सारांश

कोणतीही माती सर्वस्वी चांगली किंवा वाईट नसते; तिची योग्यता उपयोगावर आणि पाण्याशी असलेल्या तिच्या वागणुकीवर ठरते. या परीक्षेचा खर्च, तडा गेलेल्या घराच्या दुरुस्तीपेक्षा पुष्कळच कमी असतो.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. शेतीला उपकारक असलेला काळ्या मातीचा गुण बांधकामास अपायकारक का ठरतो?
२. मुरूम व जांभा यांतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या रस्त्याचे पावसाळ्यापूर्वी व नंतर निरीक्षण करून भेगांची दिशा व कारणे नोंदवा.