नव्या वर्षाचे संकल्प

नाताळची सुट्टी संपून शाळा भरली म्हणजे पहिल्या आठवड्यांत वह्या तपासतांना आम्हांस दरवर्षीं एक गंमत दिसते. निबंधाच्या वहीच्या पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरांत संकल्पांची यादी असते: पहांटे ५ वाजतां उठणें, रोज २ तास गणित, रागावणें नाहीं, खोटें बोलणें नाहीं. खालीं दोन रेघा मारून सही. जानेवारी सरतां सरतां त्याच पानावर शाईचे डाग व क्रिकेटच्या धावा दिसूं लागतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें वर्ष गुढीपाडव्यास सुरू होतें त्यांच्या घरीं याहून निराळें कांहीं घडत असेल, असें वाटत नाहीं. मुलांस हंसण्याचा अधिकार मात्र आम्हां वडील माणसांस नाहीं. आमची यादी आम्ही मनांत ठेवितों, म्हणून ती मोडलेली कोणास दिसत नाहीं, इतकेंच.

संकल्प करूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकेंतील प्रसिद्ध धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनीं १७२२ व १७२३ या दोन सालांत, ऐन तारुण्यांत, स्वतःसाठीं ७० संकल्प लिहून काढिले आणि ते आठवड्यांतून एकदां वाचावयाचें ठरविलें. वेळ व्यर्थ न दवडणें, खाण्यापिण्यांत संयम राखणें, कोणाची निंदा न करणें, असे ते आहेत. आणि देवाच्या साहाय्यावांचून आपल्या हातून कांहींच घडणार नाहीं, ही कबुली आरंभींच दिली आहे. यादी कशी करावी, हें शिकावयाचें तर त्यांच्यापासून शिकावें. परंतु याच गृहस्थांनीं १७३१ सालीं न्यूपोर्ट येथें व्हीनस नांवाची सुमारें १४ वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली, हेंही तितकेंच खरें आहे. त्यांच्या भक्तीविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. पण ७० कलमांतून ज्यांनीं आपलें मन इतकें बारकाईनें तपासलें, त्यांस आपल्याच घरांतील ती मुलगी शेजारी म्हणून दिसली नाहीं. यादी लिहिणाऱ्याची दृष्टि स्वतःकडेच लागून राहिली, तर असें मोठमोठ्यांचेंही होतें.

आमचें तर झालेंच. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं असा संकल्प केला कीं, वर्गांत कोणासही टाकून बोलावयाचें नाहीं. त्यासाठीं प्रार्थनाही केली. शाळा भरल्यावर १२ दिवस निभावलें. तेराव्या दिवशीं आठवीच्या वर्गांतील एक मुलगा लागोपाठ तिसऱ्यांदा घंटा होऊन गेल्यावर आला. "तुझ्या घरीं घड्याळ नाहीं काय?" असें आम्हीं सर्वांदेखत विचारिलें. मुलें हंसलीं. तो मान खालीं घालून बसला. मधल्या सुट्टींत शाळेच्या शिपायाकडून कळलें कीं, त्याची आई अंथरुणास खिळली असून धाकट्या दोघी बहिणींस जेवूं घालून व शाळेंत पोहोंचवून तो धांवत येत असे. आणि घड्याळ त्यांच्या घरीं खरोखरच बंद पडलेलें होतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पण लिहावयास लाज वाटते ती याची कीं, त्या रात्रीचें आमचें दुःख संकल्प मोडल्याचें होतें. त्या मुलास काय वाटलें असेल, हा विचार सकाळीं आला. मग वर्गासमोरच त्याची क्षमा मागितली, कारण अपमान वर्गासमोर झाला होता.

पवित्र शास्त्रांत मोडलेल्या संकल्पाची मोठी गोष्ट पेत्राची आहे. प्रभूसाठीं प्राणही देईन, असें तो म्हणाला, आणि त्याच रात्रीं कोंबडा आरवण्यापूर्वीं त्यानें प्रभूस तीन वेळां नाकारिलें. त्या वेळीं प्रमुख याजकाच्या अंगणांत कोळशांचा विस्तव पेटला होता व पेत्र तेथें शेकत उभा होता, असें योहान सांगतो. तोच योहान आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत दुसरा विस्तव दाखवितो. पुनरुत्थित प्रभु तिबिर्य समुद्राच्या कांठीं कोळशांवर मासळी ठेवून व भाकर घेऊन शिष्यांची वाट पाहत आहे. आधीं न्याहारी, मग प्रश्न. त्या रात्रीं तूं असें कां केलेंस, हें त्यानें विचारिलें नाहीं. नवी शपथही घेवविली नाहीं. तूं माझ्यावर प्रीति करितोस काय, एवढेंच तीन वेळां विचारिलें, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला आपल्या मेंढरांकडे पाठविलें. प्रीति प्रभूवर करावयाची, पण ती खर्च करावयाची मेंढरांसाठीं. ज्यानें वचन मोडलें त्यासच प्रभूनें न्याहारी देऊन काम सांगितलें, यावर भरंवसा ठेवणें यास आम्ही विश्वास म्हणतों. हा भरंवसा असला म्हणजे नवव्या दिवशीं मोडलेला संकल्प दहाव्या दिवशीं पुन्हां हातीं घेतां येतो. (हें वाचून कोणी गणिताचे २ तास मात्र सोडूं नयेत!)

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, यंदा यादी कराल तेव्हां प्रत्येक संकल्पापुढें एका माणसाचें नांव लिहून पाहा. पहांटे उठावयाचें, तें कोणासाठीं? त्या वेळीं आई एकटीच पाणी भरीत असेल, तर तिचें नांव लिहा. मग गजर झाल्यावर पांघरूण पुन्हां ओढून घेणें थोडें कठीण जाईल. गणितापुढेंही नांव सांपडेल. मागच्या बांकावर कोणाला तरी तें समजत नसतेंच. ज्या संकल्पापुढें आपल्या नांवावांचून दुसरें नांवच सुचत नाहीं, तो यादींत खालीं ढकलावा. आणि पालकांस विनंति एवढीच कीं, मुलाची यादी पाहुण्यांस दाखवूं नये, आणि ती मोडली त्या दिवशीं तो घरीं येईल तेव्हां आधीं त्यास जेवूं घालावें.

आमच्या वहींत गेल्या वर्षीं एकच ओळ होती, यंदाही तीच आहे. तींतील नांव येथें छापीत नाहीं. तो मुलगा आतां दहावीस आहे. परवां तो पुन्हां उशिरां आला. आम्हीं हातानें बांकाकडे खूण केली व धडा पुढें चालू ठेविला. मधल्या सुट्टींत आईची प्रकृति विचारिली. ती आतां उठून बसूं लागली आहे.